गृध्रकूट : रोपवेने गेलात तर राहूनच जातो

निरंजनाकाठ
रविवार, सकाळी १०:४२

बिहारमधल्या राजगीरला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या दहा जणांना विचारा, गृध्रकूट, म्हणजे बुद्ध जिथे राहिले ती टेकडी, पाहिलात का? दहाही जण हो म्हणतील. मग विचारा, वर काय होतं? "मोठा पांढरा स्तूप, चार बाजूंना सोनेरी मूर्ती." म्हणजे पाहिलेला नाही.

मीही त्यातलीच. पहिल्या खेपेला आमच्या वस्तीतून धम्मसहल निघाली होती. बस भरून माणसं, डिक्कीत गॅस आणि तांदळाची पोती. मुक्काम बोधगयेला, सकाळी राजगीर, दुपारी नालंदा, रात्री परत चाकावर. टूरवाल्याने रोपवेच्या पायथ्याशी उतरवलं आणि "दीड तासात खाली या" म्हणून तो झोपायला गेला. वर पोचलो, स्तूपाला प्रदक्षिणा घातली, त्रिसरण-पंचशील घेतलं, फोटो काढले, उतरलो. घरी अल्बमवर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'गृध्रकूट पर्वत'. सात वर्षं ते तसंच होतं.

एकदा भोजनदानाला घरी आलेल्या भन्तेंनी अल्बम चाळला आणि हसून म्हणाले, "ताई, हा रत्नगिरी. गृध्रकूट तुमच्या पाठीमागे राहिला, जरा खालच्या अंगाला."

तो फोटो मी परत पाहिला. खरंच, माझ्या खांद्याच्या मागे एक खडकाळ सोंड दिसते, तिच्या टोकाला रंगीत पताका. फोटोत आहे, मी पाहिलेली नाही.

गेल्या डिसेंबरात बहिणीला घेऊन मुद्दाम गेले. टूर नाही, दोघीच. सकाळी साडेसहाला टांगा केला. (राजगीरला अजून टांगे आहेत आणि घोडी आपल्यापेक्षा जास्त थंडी सोसतात.) रोपवेच्या आवाराजवळूनच पायवाट सुटते. तिला पायवाट म्हणणं खरं तर अपमान, कारण हा बिंबिसाराचा रस्ता आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग इथे आला तेव्हा त्याने लिहून ठेवलंय की राजाने बुद्धांच्या भेटीसाठी दऱ्या भरून, दगड रचून हा रस्ता बांधून घेतला. दहा पावलं रुंद, पाच-सहा ली (हे चिनी अंतराचं माप) लांब. वाटेत दोन छोटे स्तूप होते. पहिल्या ठिकाणी राजा रथातून उतरला आणि पायी निघाला. दुसऱ्या ठिकाणी त्याने बरोबरचा लवाजमा मागे परतवला. दोन्ही जागा आजही दाखवतात. विटा-दगडांचे ढिगारे म्हणा हवं तर.

मगधाचा राजा होता तो. रथ असून चालला. आणि आपण नव्या रोपवेच्या बंद डब्यात आठ-आठ जण बसून वर जातो, तेही चुकीच्या टेकडीवर.

चढ अवघड नाही. आम्हाला थांबत थांबत पाऊण तास लागला. माथ्याच्या अलीकडे दोन नैसर्गिक गुहा आहेत. बुद्धांच्या शिष्यांपैकी एक आनंदाची सांगतात, एक सारिपुत्तांची. आत जेमतेम वाकून बसता येतं, भिंती मेणबत्त्यांनी काळ्या झाल्यात. थाई उपासकांनी खडकाला सोन्याचे वर्ख चिकटवलेत, बोट लावलं की चकाकी बोटाला येते. एका मोठ्या शिळेचा आकार बाजूने पाहिला तर मान वळवून बसलेल्या गिधाडासारखा दिसतो. बहिणीला लगेच दिसला, मला दोनदा दाखवावा लागला.

आणि माथा? विटांचा चौथरा, गुडघाभर उंचीची भिंत. आमच्या हॉलएवढा असेल. एवढंच! मनात इतकी वर्षं जे रचलं होतं ते त्यात मावेना. बहीण हळूच म्हणाली, "हेच का गं?"

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान आला तेव्हाही इथे फारसं काही नव्हतं. त्याने खालच्या नगरातून फुलं, उदबत्त्या, तेल, दिवे विकत घेतले, वाट दाखवायला दोन स्थानिक भिक्खू घेतले आणि वर आला. बुद्ध जिथे राहिले ती जागा दिसली, बुद्धांच्या काळात आपण जन्मलो नाही या जाणिवेने तो रडला, आणि रात्रभर सूत्रपठण करत तिथेच राहिला. चीनमधून वाळवंटं आणि डोंगर ओलांडून आलेला माणूस, त्याला रिकाम्या जागेने रडवलं. आम्हा दोघींना तासभर बसल्यावर ते थोडं थोडं कळायला लागलं. खाली दरी, पलीकडे झाडीने भरलेल्या टेकड्या, माणसाचा आवाज नाही. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आनंदाला म्हणतात, राजगृह रमणीय आहे, गृध्रकूट पर्वत रमणीय आहे. (राजगृह म्हणजे आजचं राजगीर.) ते वाक्य मी पाठ म्हणत आले होते. ते एखाद्या प्रत्यक्ष सकाळीबद्दल असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

तर एवढंच सांगायचंय. जाणार असाल तर टूरवाल्याशी भांडा, पण तीन तास मागून घ्या आणि चालत जा.

मुसाफिर_अकोला
रविवार, ११:१५

वाचून खजील झालो. माझ्या फेसबुकावर 'गृध्रकूट' म्हणून जो फोटो आहे त्यात मागे रोपवेचा खांब आहे. आत्ता काढतो.

सह्याद्रीचा_कडा
रविवार, ११:३१

लेख आवडला. पण 'पर्वत' म्हणजे जरा जास्तच होतंय. पाऊण तासाचा चढ म्हणजे आमच्या सिंहगडाच्या पहिल्या टप्प्याएवढा. आणि 'रत्नगिरी' वाचून दोन मिनिटं हापूस डोळ्यांसमोर आला.

जुनी_पोथी
रविवार, दुपारी १:०५

धागाकर्तीने चांगल्या विषयाला हात घातलाय. थोडी भर.

पालीत नाव 'गिज्झकूट'. मज्झिम निकायातल्या इसिगिलि सुत्तात राजगृहाभोवतीचे पाच डोंगर येतात : वेभार, पंडव, वेपुल्ल, गिज्झकूट आणि इसिगिलि. आज तिथले गाइड जे पाच सांगतात (वैभार, विपुल, रत्न, उदय, स्वर्ण) त्यात गृध्रकूटाचं नाव नाही. गोंधळाचं एक मूळ इथेही आहे. माणूस पाच डोंगर मोजून येतो आणि सहावं नाव विसरतो.

या टेकडीवर काय काय घडलं म्हणून परंपरा सांगते, ते पाहिलं तर सगळंच मंगल नाही. बुद्धांचा चुलतभाऊ देवदत्त याने त्यांच्यावर शिळा लोटली ती इथेच. शिळा अडकली, कपची उडून पायाला लागली, रक्त आलं. भिक्खूंनी त्यांना खाली मद्दकुच्छीला आणि तिथून जीवकाच्या आम्रवनात नेलं. रोपवेच्या रस्त्यावर 'जीवकाम्रवन' अशी पाटी दिसते तीच ही जागा. उत्खननात तिथे लंबगोल पायाच्या मोठ्या इमारती निघाल्या. राजवैद्याची ती बाग होती आणि त्याने ती संघाला दिली होती.

याच डोंगरावरच्या सूकरखत नावाच्या गुहेत दीघनख परिव्राजक बुद्धांशी वाद घालायला आला. "मला कुठलंच मत मान्य नाही" असं त्याचं म्हणणं. बुद्धांनी विचारलं, मग हे मत तरी तुला मान्य आहे का? सारिपुत्त मागे उभे राहून पंख्याने वारा घालत होते. संवाद चालला होता दुसऱ्याशी, आणि अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाले ते वारा घालणारे. मला हा प्रसंग फार आवडतो.

सद्धर्मपुंडरीक सूत्र बुद्धांनी इथे सांगितलं असं महायान परंपरा मानते आणि जपान-चीनमध्ये या टेकडीला जे महत्त्व आहे ते त्यामुळेच. पण ते सूत्र बुद्धांनंतर काही शतकांनी रचलं गेलं. पाली तिपिटकात ते नाही. रचणाऱ्यांनी रंगमंच म्हणून गृध्रकूट निवडला, हेच या जागेच्या दबदब्याबद्दल पुरेसं बोलकं आहे.

साकुरा_साबुदाणा
रविवार, दुपारी ३:४८

जपानहून. इथे याला 'र्योजुसेन' म्हणतात. माझ्या ऑफिसातल्या सत्तरीच्या सफाईकाकूंना मी भारतीय आहे कळल्यावर त्यांनी ताजमहालाचं नाव काढलं नाही, हात जोडून "र्योजुसेन?" असं विचारलं. मला शब्दच कळला नाही. फोनवर शोधून पाहिलं तेव्हा राजगीर निघालं. औरंगाबादचा माणूस, बुद्धलेण्यांच्या सावलीत वाढलेला, आणि मला ती टेकडी ठाऊक नव्हती.

त्यांच्या डोक्यातली टेकडी आणि धागाकर्तीने पाहिलेली यांत अर्थातच फरक आहे. सूत्रात तिथे हजारो भिक्खू, बोधिसत्त्व, देव, नाग एकाच वेळी जमतात. काकू पुढच्या वर्षी जाऊन आल्या. मी विचारलं, कशी वाटली? म्हणाल्या, "लहान आहे. बरं झालं. चढू शकले."

कार्यकारणभाव
रविवार, संध्याकाळी ६:२०

माफ करा, विरजण घालतोय. आपण पंढरीची वारी सोडली, चारधाम सोडलं, आणि आता बिहारची वारी सुरू केली का? विटांना सोन्याचे वर्ख, गुहेत मेणबत्त्या, पताका. बाबासाहेबांनी जे टाकायला सांगितलं तेच आपण दुसऱ्या रंगात रंगवून घरात आणतोय. आजारी भिक्खू वक्कलि बुद्धदर्शनाची आस धरून होता, त्याला बुद्धांनी काय सांगितलं? या नाशवंत देहाला काय पाहायचंय? जो धम्म पाहतो तो मला पाहतो. ज्यांना देहच पाहायला नको होता, त्यांचा चौथरा आपण काय पाहणार? हेही त्यांनी राजगृहातच सांगितलं, बरं का.

वस्तीतल्या बायका वर्षभर पैसे साठवून टूरवाल्याच्या हातात घालतात. त्या पैशात दोन मुलांची फी निघते.

निरंजनाकाठ
रविवार, संध्याकाळी ७:०२

@कार्यकारणभाव, तुमचा मुद्दा मला माहीत नाही असं नाही. आमच्या घरात तो दर सहलीच्या आधी निघतो. वडील स्वतः कधी गेले नाहीत.

पण त्या बायकांबद्दल बोलू या. आमच्या बसमधल्या निम्म्या जणींनी त्याआधी जिल्हा ओलांडला नव्हता. बहुतेकींनी आयुष्यात पहिल्यांदा आठ दिवस स्वयंपाकघराबाहेर काढले. (म्हणजे बसच्या डिक्कीतला स्वयंपाक होताच, पण तो पुरुषांनीही केला. बघण्यासारखा केला.) एकजण नालंदेच्या भिंतीला हात लावून म्हणाली, "इतकं मोठं कॉलेज आपलं होतं?" ती घरी येऊन नातीला शाळेतून काढू न देण्यासाठी मुलाशी भांडली. फीचा हिशेब असाही लागतो कधीकधी.

सोन्याच्या वर्खाबद्दल तुमच्याशी सहमत. मलाही ते खटकलं. प्राचीन विटा आहेत त्या, त्यांना काही चिकटवू नये.

जुनी_पोथी
रविवार, रात्री ९:३०

वक्कलीचा दाखला चपखल आहे. पण त्याच तिपिटकात, महापरिनिब्बान सुत्तात, बुद्ध चार ठिकाणं श्रद्धावंताने पाहण्यासारखी म्हणून सांगतात : जन्माचं, बोधीचं, पहिल्या उपदेशाचं आणि परिनिर्वाणाचं. राजगीर त्या चारांत नाही, हे तुमच्या बाजूने. पुढे जी अष्टमहास्थानं मानली गेली त्यात ते आलं, पिसाळलेल्या नालागिरी हत्तीला बुद्धांनी शांत केलं त्या प्रसंगामुळे.

आता त्याच सुत्ताची सुरुवात पाहा. ती थेट गृध्रकूटावर होते आणि तिच्यात वर्ख-मेणबत्ती काहीच नाही, निखळ राजकारण आहे. बिंबिसाराचा मुलगा अजातशत्रू याला वज्जींच्या गणराज्यावर चाल करायची आहे. तो वस्सकार नावाच्या ब्राह्मण महामात्याला या टेकडीवर पाठवतो, बुद्ध काय म्हणतात ते विचारून ये म्हणून. बुद्ध त्याला थेट उत्तर देत नाहीत. मागे उभ्या आनंदाला विचारतात : वज्जी वारंवार सभा भरवतात का? एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात का? ठरलेले नियम मोडत नाहीत ना? वडीलधाऱ्यांचं ऐकतात ना? स्त्रियांना बळजबरीने पळवून नेत नाहीत ना? चैत्यांचा मान राखतात ना? अर्हतांना संरक्षण देतात ना? या सातांना ते जोवर धरून आहेत तोवर त्यांची भरभराटच होईल. वस्सकार समजतो, उठतो आणि म्हणतो, म्हणजे लढाईने हे हरणार नाहीत, फोडावे लागतील. तो धूर्त होता. पुढे तसंच झालं.

पाहुणा गेल्यावर बुद्ध राजगृहातल्या सगळ्या भिक्खूंना जमवतात आणि तशाच सात गोष्टी संघाला लावून सांगतात. गणराज्याची घटना संघाच्या घटनेत उतरते, ती इथल्याच सभागृहात.

२५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले की भारताला संसदीय पद्धत नवी नाही, भिक्खू संघाला बैठकव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतदान हे सगळं माहीत होतं. ते भाषण मला पुष्कळदा वाचूनही अपुरं वाटत होतं. टेकडीवर बसून वस्सकाराचा प्रसंग वाचला तेव्हा त्याला जमीन मिळाली. तीर्थ म्हणून जाऊ नका. संविधानाच्या आजोळी म्हणून जा, हवं तर.

कार्यकारणभाव
रविवार, रात्री ९:५२

हे 'आजोळ' चलाख आहे. पटलं असं म्हणत नाही. पण सातातलं 'चैत्यांचा मान' तुम्ही हळूच सहाव्या नंबरावर सरकवलंत ते पाहिलं.

जुनी_पोथी
रविवार, रात्री ९:५८

मूळ सुत्तात तो सहावाच आहे. :)

कामठी_लाईन
सोमवार, सकाळी ८:१०

नागपूरकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथे कुणी काढली नाही याचं आश्चर्य.

भन्ते सुरई ससाई. जपानी माणूस, १९६०च्या दशकात भारतात आले आणि राजगीरला जपानी भिक्खू फुजी गुरुजींच्या मंडळीत राहिले. शांतिस्तूपाचं, म्हणजे रत्नगिरीवरच्या त्या पांढऱ्या स्तूपाचं, काम तेव्हा चालू होतं. पुढे तिथलं बिनसलं, परत जपानला जायचं ठरलं. ते स्वतः सांगतात त्यानुसार, तेव्हा त्यांना प्राचीन बौद्ध आचार्य नागार्जुन दिसले आणि म्हणाले, नागपूरला जा. नागपूर कुठे आहे हेही त्यांना धड माहीत नव्हतं. आले. स्टेशनवरून विचारत विचारत वामनराव गोडबोल्यांपर्यंत पोचले. १९५६च्या दीक्षा सोहळ्याच्या आयोजनात होते ते गोडबोले. मग ससाई गेलेच नाहीत. नागपुरातल्या इंदोऱ्याचे झाले. आमच्या आजीच्या पिढीला ते हातात ढोल घेऊन गल्लीतून फिरणारे 'जपानी भन्ते' म्हणून आठवतात. महाबोधी विहाराच्या मुक्तीचं आंदोलन त्यांनी उभं केलं ते नंतरचं.

म्हणजे राजगीरहून निघालेली एक वाट थेट आमच्या चौकात येते. कार्यकारणभाव यांनी नागार्जुनांच्या दर्शनाचं काय करायचं ते करावं, भन्ते आले हे तर खरं ना?

आता माझा प्रश्न. आई त्र्याहत्तर वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले. आयुष्यभर पांढरं लुगडं नेसून विहारात वंदना घेतलीय आणि आता एकदाच जायचं म्हणते. धागाकर्तीने "चालत जा" असं ठणकावलंय. आम्ही काय करायचं?

निरंजनाकाठ
सोमवार, सकाळी ८:४०

माझं चुकलं. ते वाक्य टूरवाल्यांवरच्या रागात लिहिलं. तिथे डोलीवाले दिसले होते. चार माणसं, मधे खुर्ची. दर आधी ठरवा आणि वर थांबायचा वेळही त्यातच बोलून घ्या, नाहीतर आईची वंदना व्हायच्या आत घाई करतील. थंडीत जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऊन चढायच्या आत उतरा, सावली कमी आहे. माकडं आहेत, केळी पिशवीत खाली ठेवा.

मुसाफिर_अकोला
सोमवार, ९:०३

कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस गयेला थांबते. गयेहून राजगीर गाडीने दोन-अडीच तास धरा.

सेलूकाटे
सोमवार, दुपारी १२:२५

वर फुजी गुरुजींचं नाव आलं म्हणून. निचिदात्सु फुजी १९३३ साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचे भिक्खू हातात चपटा ढोल घेऊन 'नमु म्योहो रेंगे क्यो' म्हणतात. सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन, असा त्याचा अर्थ. सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेची सुरुवात आजही त्यानेच होते. आम्ही शाळेच्या सहलीत ते ओळ न कळता घोकलं होतं, 'नम्यो हो रेंगे क्यो'. बाई म्हणाल्या, जपानी आहे, पाठ करा. ते गृध्रकूटावर बेतलेल्या सूत्राचं नाव आहे हे आज, चाळीस वर्षांनी, या धाग्यावर कळतंय.

राजगीरच्या शांतिस्तूपाची पायाभरणी १९६५ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते आणि उद्घाटन १९६९ला राष्ट्रपती गिरींच्या हस्ते झालं. तसाच पांढरा स्तूप वर्ध्याला गीताई मंदिराशेजारी आहे. त्यामुळे धागाकर्तीच्या अल्बममधला फोटो वर्ध्यात काढला असता तरी कुणाला कळलं नसतं.

खादाड_खंडेराव
सोमवार, १:१०

धर्म, राजकारण झालं असेल तर खाज्यावर या. राजगीर-नालंदा रस्त्यावर सिलाव लागतं. तिथलं खाजं पदरापदराचं असतं, दाताखाली चुरचुरतं, आणि त्याला भौगोलिक मानांकन आहे. आपल्या कोकणातल्या जत्रेतल्या खाजाशी नावापलीकडे संबंध नाही. दुकानं शेजारी शेजारी आणि प्रत्येकाची पाटी 'असली' आणि 'पुराना'. जिथे गिऱ्हाईक जास्त तिथे घ्या, इतिहासात पडू नका.

सह्याद्रीचा_कडा
सोमवार, २:४४

गरम पाण्याच्या कुंडांबद्दल कुणीच लिहिलं नाही? वैभारच्या पायथ्याशी. मी तिथे गेलो होतो पण गर्दी पाहून परत आलो.

जुनी_पोथी
सोमवार, रात्री ८:१५

गर्दीची तक्रार अडीच हजार वर्षं जुनी आहे. पालीत त्याला 'तपोदा' म्हणतात. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, गोष्ट येते : बिंबिसार डोकं धुवायला तिथे गेला, तर भिक्खू आंघोळ करत होते. राजा शिष्टाचाराने थांबला. ते काही निघेनात, अंधार पडला. शेवटी राजाची आंघोळ झाली तेव्हा नगराचे दरवाजे बंद झाले होते. राजाला स्वतःच्या शहराबाहेर रात्र काढावी लागली. बुद्धांना कळलं, आणि भिक्खूंनी पंधरवड्यातून एकदाच आंघोळ करावी असा नियम आला. मग उन्हाळा, आजार, काम, प्रवास असे अपवाद एकेक करून जोडावे लागले.

शिष्टाई आणि चालणं, दोन्हींत बिंबिसार उजवा होता. शेवट मात्र वाईट झाला. मुलानेच कैदेत टाकलं. रोपवेकडे जाताना वाटेत जाड दगडी भिंतींचा एक चौकोन दाखवतात, 'बिंबिसार का जेल'. तिथून गृध्रकूट दिसतो. महायानातल्या एका सूत्रात राणी वैदेहीही अशीच कोंडलेली आहे. ती बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून त्या डोंगराच्या दिशेने तोंड करून वंदन करते.

कामठी_लाईन
तीन महिन्यांनी, शनिवार, संध्याकाळी ५:५०

धागा वर काढतोय. आईला नेऊन आणलं. विचारलं होतं म्हणून कळवतो.

सगळं ठरवून गेलो होतो. डोली, चार माणसं, वर अर्धा तास थांबायचं, दर आधीच पक्का. सकाळी सातला पोचलो. आईने ती खुर्ची पाहिली, त्या चौघांचे खांदे पाहिले. त्यातला एक तिच्या नातवाच्या वयाचा. म्हणाली, "मी माणसाच्या खांद्यावर बसून बुद्धाकडे जाणार नाही." खूप समजावलं. पोरगा हिंदीत म्हणतोय, माताजी, हमारी रोजी है. तिने त्याला ठरलेले सगळे पैसे द्यायला लावले आणि खुर्चीत काही बसली नाही.

मग मी आणि बायको वर जाऊन आलो. आईला जीवकाच्या आम्रवनात बसवलं, सोबत मुलगी आणि थर्मास. दोन तासांनी उतरलो तर ती चटईवर बसून वरच्या सोंडेकडे बघत होती. गुडघ्यांना तेल लावून झालं होतं. आम्ही काही बोलायच्या आत म्हणाली, "तुम्ही दिसलात मला वर. पिवळ्या पिशवीमुळे." इतक्या लांबून आम्ही खरंच दिसलो असू का, माहीत नाही.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, आई, वर जायला हवं होतं, एवढ्या लांब आलो. तर म्हणे, "त्यांचा पाय दुखावला होता तेव्हा तेही खालीच होते ना, या बागेत?" तिला हे कुणी सांगितलं? मुलीने. मुलगी इथले प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवत होती म्हणे.

निरंजनाकाठ
शनिवार, संध्याकाळी ६:०४

आईंना जयभीम सांगा.

कार्यकारणभाव
शनिवार, संध्याकाळी ६:३१

डोलीवाल्याला पूर्ण पैसे दिले हे सगळ्यात आवडलं. आईंना माझाही जयभीम.

खादाड_खंडेराव
शनिवार, संध्याकाळी ६:३३

आणि सिलावला थांबलात की नाही?

कामठी_लाईन
शनिवार, संध्याकाळी ६:४०

दोन किलो. गयेपर्यंत एक उरलं.